काळोखाची तालीम

पहिल्या दिवशी मुर्मानने दिव्याला हात लावू दिला नाही.
दोर दिला. तागाचा, अंगठ्याएवढा जाड.
"गाठ मारा. मग एका हाताने सोडवा.
जी सुटत नाही ती गाठ नव्हे, अपघात."

आम्ही सातजण, कुताइसीच्या जुन्या नाट्यगृहात,
जिथे खुर्च्यांवर अजून चादरी होत्या
आणि माळ्यावर कबुतरांना कायमचा पास.
तेक्ले नेपथ्य शिकायला आलेली;
महिनाभर ती बारा मीटरवर पट्ट्याला लटकून
पुल्यांना ग्रीस फासत होती.
वाखो, एकोणीस वर्षांचा, बोटांना कायम डिंक.
आणि मी, गोचा, शेचाळीस पूर्ण,
झेस्टापोनीच्या कारखान्यातला वायरमन.
बावीस वर्षं माझं काम एकच :
दिवा जाऊ द्यायचा नाही.

शिट्टी मारायची नाही इथे.
पूर्वी दोरांवर खलाशी असायचे म्हणे,
शिट्टी वाजली की वरून अख्खा किल्ला खाली.
वाखोने हसत हसत मारली.
मुर्मान काही बोलला नाही, झाडू दिला.
पोरगं दिवस कलेपर्यंत रंगमंच झाडत होतं,
आणि रंगमंच तर आधीच लख्ख होता.

मग वजनं. लोखंडी विटा, एकेक बारा किलोची.
जंगलाचा पडदा चढवायचा तर आधी जंगल बांधा, मग लोखंड.
उतरवताना उलटं : आधी लोखंड, मग जंगल.
क्रम चुकला तर रिकामा दांडा छपराला जाऊन भिडतो
आणि खाली उभ्या माणसाला देव आठवतो.
मी हे वहीत लिहिलं.
खाली तेक्लेने चित्र काढलं : छपरातून बाहेर पडलेला दांडा, त्यावर मी.

दिवे तिसऱ्या आठवड्यात.
तीन दिवे, एक रिकामी खुर्ची, पहाटेचे पाच वाजवून दाखवा.
तेक्लेने एकच दिवा लावला, खिडकीच्या चौकटीमागून,
आणि खुर्चीवरून कोणीतरी नुकतंच उठून गेलंय असं वाटलं.
मी तिन्ही लावले. पुरेपूर. सवयीने.
मुर्मान म्हणाला, "छान. ऑपरेशन कोणाचं आहे?"

शेवटचा धडा काळोखाचा.
मी खटका ओढला.
"याला बिघाड म्हणतात," तो म्हणाला,
आणि विंगेत उलट्या डब्यावर बसून सांगू लागला
त्या हिवाळ्याचं, जेव्हा शहरात वीज नव्हती, गॅस नव्हता,
तिकिटाला एक लाकूड, आणि प्रत्येकाने आपापला कंदील आणायचा.
कंदील रंगमंचाच्या कडेला ओळीने.
प्रवेश संपला की पहिल्या रांगेतली माणसं उठत,
वाकत,
आपापली वात खाली करत.
कोणी सांगत नसे कधी.
"आज माझ्याकडे दोनशे चाळीस दिवे आहेत," तो म्हणाला,
"तसा काळोख एकदाही जमलेला नाही."

मी काही बोललो नाही. तो हिवाळा मलाही ठाऊक होता.
बापाने हॉस्पिटलच्या लाइनवरून तार चोरली होती.
एक बल्ब, जेवणाच्या टेबलावर,
आणि शेजाऱ्यांना दिसू नये म्हणून खिडकीला घोंगडी.
ती धरून उभं राहायचं काम माझं.
पंधरा वर्षांचा मी, पाठ उजेडाकडे, नाक लोकरीत,
मागे चमच्यांचे आवाज.

परत बोर्डापाशी गेलो.
सरकपट्टीवर बोट ठेवलं, ओढलं नाही,
नुसतं जड होऊ दिलं.
खुर्चीचे पाय गेले, मग बैठक,
मग पाठीचा वरचा काठ.
दिवा मेल्यावरही आतली तार क्षणभर लाल राहते;
बावीस वर्षांत हे मी कधी पाहिलंच नव्हतं,
तेवढा वेळ कुठलाच दिवा मी मरू दिला नव्हता.

तीही गेली.

कुठेतरी कबुतराने पंख सावरले.
वाखोचा श्वास ऐकू आला, डिंकाचा वास आला.
टाळ्या वगैरे कोणी वाजवल्या नाहीत.
मग विंगेतून, डब्याच्या बाजूने, मुर्मान :
"सहा सेकंद झाले, गोचा.
आता नऊ करून बघ."